साडेआठचा पाऊस

(सकाळ. ओलं गवत. पर्जन्यमापकाचं तोंड जवळून.)

सकाळचे साडेआठ वाजतायत. काल याच वेळेपासून पडलेला पाऊस या नरसाळ्यातून खालच्या बाटलीत उतरलाय. हवामान खात्याचे निरीक्षक नरसाळं काढतात आणि बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततात. मग खाली बसून ते पात्र डोळ्यांच्या रेषेत धरतात. काचेला लागून पाणी जरासं वर चढतं. ती कड वाचायची नसते, मधला खोलगट भाग वाचायचा असतो. आकडा दशांशासकट वहीत जातो.

याच घटकेला देशभर हेच चाललेलं असतं. साडेआठ म्हणजे साडेआठ. चहा नंतर.

(पुणे, शिवाजीनगर. दगडी इमारत, समोर सिग्नलला थांबलेल्या दुचाकी.)

ही इमारत पुणेकर रोज बघतात. चौकाचं नाव सिमला ऑफिस. सिमल्याचा पुण्याशी काय संबंध, हे रिक्षावाल्याला विचारून बघा! १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, नाव मात्र पुण्यात राहिलं.

नावाबरोबर विनोदही राहिला. वेधशाळेने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरीच ठेव. हा विनोद प्रत्येक मराठी घरात एकदा तरी झालेला असतो. आमच्याही झालाय.

घोळ थोडा आपल्या भाषेतही आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘हवा’ आणि ‘हवामान’ यांतला फरक शिकवतात. आज दुपारी काय होईल ती हवा. तीसेक वर्षांच्या नोंदींतून जो स्वभाव दिसतो, ते हवामान. पण आजची हवा सांगणाऱ्या खात्याचं नाव हवामान खातं, आणि शतकाच्या हिशेबालाही आपण हवामान बदलच म्हणतो. त्यामुळे शनिवारचा पाऊस हुकला की शंभर वर्षांच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

(फुगा भरला जातोय. दोन माणसं तो धरून मोकळ्या जागेत येतात. फुगा सुटतो.)

फुग्यात हायड्रोजन आहे. खाली दोरीला लटकलंय ते छोटं उपकरण तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजतं. त्याच्या सरकण्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा कळते. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या जगभर ठरलेल्या वेळा आहेत, म्हणजे आपल्या घड्याळाने. वर हवा विरळ होते तसा फुगा फुगत जातो आणि साधारण तीस किलोमीटरवर फुटतो. उपकरण कुणाच्या तरी शिवारात पडतं. कधी कधी गावात बॉम्बची अफवा उठते, पोलीस येतात आणि पांढरा डबा उचलून नेतात.

(जुन्या नोंदवह्या. पिवळी पानं, शाईचे आकडे. पानं हळू उलटतात.)

मोसमी पावसाचा हंगामी अंदाज १८८६ पासून दिला जातोय. सुरुवातीला भिस्त होती हिमालयातल्या बर्फावर. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं गणिती प्रारूप (मॉडेल) वापरात आलं. त्यात बर्फ, समुद्राचं तापमान, हवेचा दाब असं बरंच काही होतं. सलग चौदा वर्षं देशाचा पाऊस सरासरीच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडला. त्या चौदा वर्षांत कुणी हार घेऊन आलं नाही. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. पाऊस झाला ८१ टक्के. जुलैत तर जेमतेम निम्मा झाला.

पुढच्याच वर्षी ते प्रारूप बाजूला ठेवून नवी प्रारूपं आणली गेली. चुकलं की मोडायचं, पुन्हा बांधायचं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या कुठल्या खात्यात असं होताना दिसतं?

(झडपांची पांढरी लाकडी पेटी. आत तापमापक.)

ही पेटी पांढरी असते, कारण ऊन परतवायचं असतं. झडपा असतात, कारण वारा खेळता ठेवायचा असतो. आतला तापमापक आधी दुसऱ्या, खात्रीच्या तापमापकाशी ताडून पाहिलेला असतो. याच पुण्यात १९४८ पासून हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी परदेशी उपकरणांच्या जागी देशी उपकरणं उभी केली, जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. पेटी हलवली, शेजारी इमारत उठली, झाड वाढलं, तरी आकडा बदलतो. मग आजूबाजूच्या केंद्रांशी तुलना करून तो बदल हवेचा की जागेचा, हे शोधावं लागतं. अशा छाननीतून एक वाक्य निघतं: १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२०च्या अहवालातलं हे वाक्य वाचायला पाच सेकंदं पुरतात.

(मुंबई. पाण्यात बुडालेले रस्ते. निवेदन थांबतं, पाण्याचा आवाज.)

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या मापकात २४ तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला ७३. शहर एक, दिवसही तोच.

२०१७ मध्ये बीडच्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चुकलेल्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. पेरणी वाया गेली होती. पिकाच्या भरपाईसाठी आजही महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरची नोंद झाली तरच अतिवृष्टी धरतात.

(पुन्हा तेच गवत. आता कोरडं. नरसाळ्यावर ऊन.)

डिसेंबर. आभाळ स्वच्छ. साडेआठला नरसाळं तरीही निघतं, बाटली उलटी करून बघितली जाते. रकान्यात शून्य लिहावं लागतं. तो कोरा सोडला, तर पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळायचं नाही, त्या दिवशी पाऊस आला नव्हता की निरीक्षक.