माळ्यावरचे बंदे रुपये

(दृश्य: जुने नाशिक. वाड्याची ओसरी. बाहेर टेम्पो उभा.)

निवेदन:
वाडा बिल्डरकडे गेला की सगळ्यात आधी माळा रिकामा होतो. तांब्याचे हंडे, पाळणा, लंबक तुटलेलं घड्याळ, कुणाच्या तरी लग्नातला पेटारा, सगळं ओसरीवर येऊन पडतं. परदेशात अशी अडगळ गॅरेजपुढे मांडून विकतात. आपल्याकडे शेजारी येतात, भंगारवाला येतो आणि हल्ली एखादा नाणी जमवणाराही डोकावतो.

या घरात पेटाऱ्याच्या तळाशी एक पुरचुंडी निघाली. आत पाच रुपये. काकूंनी ते जुन्या भांड्यांबरोबरच ठेवले होते. भंगारवाल्याने पाचांचे मिळून एक हजार सांगितले होते. आकडा ऐकायला बरा वाटतो, म्हणूनच तो फसवा आहे.

(दृश्य: छोटा डिजिटल काटा, त्यावर नाणं.)

नाणी बघायला आलेला माणूस भाव बोलत नाही. तो काटा काकूंच्या पुढ्यात ठेवतो, आकडा त्यांना दिसेल असा. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हिशेबाला सोपं जावं म्हणून चांदी किलोला १ लाख धरली, तर एका रुपयातली नुसती चांदीच १,०६९ रुपयांची. खरा भाव त्या दिवशी सराफ बाजारात फोन करून विचारायचा, आणि फोन स्पीकरवर ठेवायचा.

पाचांपैकी दोन रुपये राणीछाप, १८६२ सालचे. "एवढे जुने, म्हणजे लाखभर तरी मिळतील ना?" काकूंच्या सुनेचा प्रश्न. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओंची ही कृपा. १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत छापातच राहिलं, म्हणजे नंतर पाडलेल्या रुपयांवरही तेच साल, त्यामुळे या सालाचे रुपये ढिगाने सापडतात. त्यातल्या एकाला मागे कडी जोडल्याची खूण आहे. कधीकाळी तो माळेत ओवला असणार. अशा नाण्याला संग्राहक चांदीपलीकडे फारसं देत नाहीत, आणि हेही तोंडावर सांगावं लागतं.

तिसरा रुपया १९४२ चा, राजाचं डोकं तसंच मुकुटवालं, आकारही तोच. पण युद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आली. म्हणजे आपल्या हिशेबाने ५८३ रुपये. चौथ्यावर वाघ, साल १९४७. फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं आणि रुपया टक्कन चिकटला. निकेल. चांदी एक गुंजही नाही. वाघाच्या रुबाबावर जाऊन चांदीचे पैसे मोजणारे लोक आहेत.

(दृश्य: भिंगातून पाचवं नाणं, राजाच्या झग्याचा भाग.)

आता पाचवा. पंचम जॉर्ज, १९११. राजाच्या झग्यावर साखळी आहे आणि त्या साखळीत हत्ती. कोरणाऱ्याने सोंड एवढी आखूड काढली, की लोकांना त्यात डुक्कर दिसलं. ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा रुपया चांदीच्या भावावर जात नाही, त्याहून जास्त जातो. ही गोष्ट त्या ओसरीवर एकट्या त्या माणसाला ठाऊक होती. गप्प बसून पाचही तोळ्यावर घेतले असते, तरी कुणी त्याला लबाड म्हटलं नसतं, उलट भंगारवाल्यापेक्षा चांगलाच म्हटलं असतं. त्याने भिंग काकूंच्या हातात दिलं. "काकू, हा वेगळा आहे. हा आणखी दोघांना दाखवा, मग ठरवा."

(दृश्य: गोदाघाट, बुधवारचा बाजार.)

बाजारात जुन्या नाण्यांशी गाठ पडली तर सावध राहायचं. 'ईस्ट इंडिया कंपनी', साल १८१८ आणि मागे रामदरबार, असं नाणं कुणी दाखवलं तर पुढे चला. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. लक्ष्मीपूजनासाठी नव्याने पाडलेले राणीछापही जुने म्हणून खपतात. वजन जुळलं तरी शंका असेल, तर रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून वजन करावं. खऱ्याचं वजन साधारण १.१३ ग्रॅमने घटतं. तांबं-निकेलचा असेल तर १.३ च्या आसपास. आणि घरी आणून पितांबरीने घासू नये. काळपटपणा गेला की नाण्याची किंमतही जाते.

वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत हंडा निघाला, तर मामला वेगळा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचं असं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पेटाऱ्यातल्या घरच्या रुपयांना हे लागू नाही, मात्र शंभर वर्षांवरचं नाणं अमेरिकेतल्या नातवाच्या बॅगेत घालायचं नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो. नाशिककरांना हंड्याचं नवल नाही म्हणा. १९०६ साली जवळच्या जोगलटेंभीत क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून घेतला होता.

(दृश्य: पुन्हा ओसरी.)

काकूंनी १९११ चा विकला नाही. कडीची खूण असलेला रुपया सासूबाईंचा, तो देव्हाऱ्यात गेला. उरलेल्या तिघांचा हिशेब कॅलेंडरच्या मागे झाला: साल, वजन, चांदी, भाव, तारीख. वाघाचा रुपया नाणी बघायला आलेल्या माणसाने हौस म्हणून घेतला, पन्नास रुपयांना. पैसे यूपीआयने आले. काकूंनी मोबाईल सुनेकडे दिला, खरंच जमा झालेत का ते बघायला.