लस, ध्यान आणि मटकीची उसळ

(दृश्य : पहाट. बागेबाहेर मांडलेलं रसाचं टेबल.)

सकाळी सहाच्या सुमाराला पुण्यातल्या एखाद्या मोठ्या बागेबाहेर उभे राहा. टेबलावर बरण्या मांडलेल्या, मागे पुठ्ठ्यावर यादी : गव्हांकुर, कारलं, दुधी, आवळा, कडुलिंब. खाली मोठ्या अक्षरांत आश्वासन, प्रतिकारशक्ती वाढते. फिरून आलेली मंडळी तोंड वाकडं करत पेला रिकामा करतात आणि एक काम उरकल्याच्या समाधानात घरी जातात.

त्या पेल्याने सहसा काही बिघडत नाही. अपवाद दुधीचा. दुधीचा रस कडू लागला तर लगेच थुंकून टाकायचा. कडू दुधीत कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य जास्त असतं आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. कडू ते औषधी, हा हिशेब इथे चालत नाही.

जंतूंशी लढण्याचं काम शरीरात अनेक प्रकारच्या पेशी वाटून घेतात. काही दिसेल त्या जंतूवर तुटून पडतात, काही एकदा भेटलेला जंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. हे काम नुसतं जोरात होऊन भागत नाही. जोर भलत्या जागी लागला की ॲलर्जी होते, दमा उसळतो, किंवा पेशी स्वतःच्याच सांध्यांवर उठतात आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात जडतो. करोनात कित्येकांना विषाणूइतकंच शरीराच्या बेभान प्रतिक्रियेनेही गाठलं. त्यामुळे आहार आणि ध्यानाकडून मागणं बेताचं ठेवावं. पेशींना कच्चा माल कमी पडू नये आणि त्यांच्या कामात आपण खोडा घालू नये, बस्स.

(दृश्य : महात्मा फुले मंडई. मोड आलेली कडधान्यं, पेरूच्या टोपल्या.)

कच्चा माल मंडईत मिळतो. जंतूंना जखडणाऱ्या अँटीबॉडी म्हणजे प्रथिनंच, आणि आपल्याकडच्या शाकाहारी ताटाची लंगडी बाजू नेमकी तीच. भाताचा डोंगर, वर वरणाची धार, शेजारी बटाट्याची भाजी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून त्यातली पाच-सहा मिळाली तरी पुष्कळ. तेव्हा मटकी, मूग, चवळी, हरभरा, भाजलेले शेंगदाणे, दही, खात असाल तर अंडी आणि मासळी, यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवं. कडधान्यांना मोड आणण्याची आपली पद्धत गुणाची आहे. मोड येताना लोह-जस्त अडवून धरणारं फायटिक आम्ल घटतं, त्यामुळे लोह आणि जस्त जास्त अंगी लागतं. मिसळीत मटकी असते हे खरं, पण ती फरसाणाखाली शोधावी लागू नये.

क जीवनसत्त्वासाठी महागड्या संत्र्यांच्या मागे लागायला नको. शंभर ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर भरतं, म्हणजे संत्र्याच्या जवळजवळ चौपट. पोह्यांवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नासतं. लिंबामुळे पोह्यांतलं लोहही बऱ्यापैकी शोषलं जातं. गोळ्यांची गोष्ट वेगळी. रोज क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन सर्दी टळते का, हे हजारो माणसांवर तपासून झालंय. सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, तिचा मुक्काम जेमतेम आठ टक्क्यांनी कमी होतो.

ताकाबद्दल थोडं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ माणसांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या ज्यांनी दहा आठवडे दही आणि इतर आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. आपलं घरचं ताक दह्याचंच भावंड. मात्र ताक उकळून कढी केली की जिवाणू गेले, चव तेवढी उरली.

(दृश्य : हिंजवडीचा रस्ता, काचेच्या इमारती.)

ड जीवनसत्त्वाला ऊन लागतं, आणि त्यासाठी लागणारे किरण काचेतून येत नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीचा इथे उपयोग नाही.

(दृश्य : डोळे मिटून बसलेली माणसं.)

आता ध्यान. १९९१ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९४ धडधाकट स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना वेगळं ठेवलं. आधीपासून मनावर जितका ताण, तितकी लागण जास्त. ताण रेंगाळला की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं नेहमीचं चक्र बिघडतं आणि पेशींचं काम ढेपाळतं. ध्यानाचा उपयोग होतो तो हा ताण उतरवण्यासाठी.

२००३ मध्ये अमेरिकेत काही कर्मचाऱ्यांना आठ आठवडे ध्यान शिकवलं. शेवटी त्यांना आणि ध्यान न केलेल्यांना फ्लूची लस दिली, तर ध्यान केलेल्यांच्या शरीरात अँटीबॉडी जास्त वाढल्या. अभ्यास लहान, पन्नासही माणसं नव्हती. पण ध्यानाचा गुण मोजायला मोजपट्टी कसली घेतली? लशीची! 'आम्ही योग करतो, आम्हाला लस कशाला' असं टेकडीवर ऐकू येतं, तेव्हा हे सांगावंसं वाटतं.

पुण्याने तर हे दोन्ही पोसलंय. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून अय्यंगारांची योगसंस्था आहे, १९५२ मध्ये सुरू झालेली विषाणुशास्त्राची राष्ट्रीय संस्था इथलीच, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट हडपसरची. पूर्वीची माणसं सकस खायची म्हणून टणक होती, असं म्हणणाऱ्यांनी १८९७ चा प्लेग आठवावा. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच प्लेगाने गेल्या. भेसळ नसलेलं अन्न त्या काळात अनेकांच्या ताटात होतं.

ध्यानाला सुरुवात करायची तर सतरंजीवर किंवा खुर्चीत ताठ बसा. श्वास नाकपुडीशी कसा लागतो तेवढं बघा, सोडताना थोडा लांबवा. मन रविवारच्या सामानाच्या यादीकडे पळेल, त्याला न रागावता परत आणा. दहा मिनिटं पुरेत. जुना आघात किंवा तीव्र नैराश्य असेल तर काहींना डोळे मिटून बसल्यावर जास्त त्रास होतो. त्यांनी थांबावं आणि आधी डॉक्टरांशी बोलावं.

झोप मात्र कशाच्याही बदल्यात देऊ नका. २०१५ च्या एका प्रयोगात १६४ जणांच्या नाकात असेच विषाणू टाकले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना, सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला प्राणायाम, हा व्यवहार तोट्याचा.

(दृश्य : गॅलरीतला गुळवेल.)

करोनात घरोघरी गुळवेलाचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही. यकृताचा आजार, संधिवातावर चालू असलेली औषधं, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. घरातल्या ज्येष्ठांच्या फ्लूच्या लशीचंही त्याच खेपेला पावसाळ्याआधी विचारून घ्यावं. आणि ताप सारखा उलटत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर बागेबाहेरच्या टेबलाशी न थांबता थेट तपासणीला जावं.