तीन बोटांचा ब्राउन

पडद्यावरचा हा उजवा हात नीट बघा. तर्जनीचं नुसतं थोटूक उरलंय, मधलं बोट वाकडं, करंगळीही धड नाही. हा हात मॉर्डेकाय ब्राउनचा. याच हाताने त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या दर्जाच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, २३९ सामने जिंकले.

जन्म १८७६चा, इंडियाना राज्यातल्या नाइसविलचा. लहानपणी शेतावर कडबाकुट्टीत हात गेला आणि तर्जनी तुटली. जखम पुरती भरायच्या आत पोरगं पळताना आपटलं, उरलेली बोटंही मोडली. ती जुळली, पण वेडीवाकडी.

पुढे तो कोळशाच्या खाणीत राबला. सुट्टीला गावच्या संघातून खेळायचा, तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करायचा. पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणं, नंतर आलं. चेंडू थोटकावरून सुटला की अशी फिरकी घ्यायचा, की बॅटजवळ येता येता एकदम खाली बसायचा. अपघातानेच त्याचं नशीब काढलं, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. थोटकामुळे चेंडू वळेल. हवा तिथे पडायला मेहनतच लागते. मेजर लीगमध्ये पोचेपर्यंत ब्राउन २६ वर्षांचा झाला होता.

सेंट लुईसच्या संघाने त्याला एका हंगामानंतर सोडलं. शिकागो कब्ज या संघाने उचललं. १९०६मध्ये २६ विजय, ६ पराभव, आणि दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी (जितकी कमी तितकी चांगली) १.०४!

आता ८ ऑक्टोबर १९०८. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. कब्ज आणि न्यूयॉर्क जायंट्स बरोबरीत. आज जिंकेल तो मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगचा विजेता. ब्राउनला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं आलेली. पहिल्याच डावात कब्जच्या पिचरची लय बिघडली, एक धाव गेली, आणि चिडलेल्या गर्दीतून वाट काढत ब्राउन मैदानात आला. समोर जायंट्सचा क्रिस्टी मॅथ्यूसन, त्या काळातला बिनतोड पिचर. ब्राउनने उरलेल्या सगळ्या डावांत मिळून एकच धाव दिली. कब्ज ४-२ने जिंकले, मग दुसऱ्या गटाच्या विजेत्या डेट्रॉइटला हरवून जगज्जेतेही झाले. पुढचं जगज्जेतेपद त्यांना थेट २०१६ला मिळालं.

सप्टेंबर १९१६मध्ये ब्राउन आणि मॅथ्यूसन शेवटचे समोरासमोर आले. दोघंही थकलेले, दोघांचीही धुलाई झाली. मॅथ्यूसनचा संघ १०-८ने जिंकला. त्यानंतर दोघांपैकी एकानेही मेजर लीगमध्ये चेंडू टाकला नाही. ब्राउनने इंडियानातल्या टेरे होटला पेट्रोल पंप चालवला. १९४८मध्ये तो गेला; बेसबॉलमधल्या दिग्गजांना मान देणाऱ्या हॉल ऑफ फेमला त्याची आठवण झाली १९४९मध्ये.