टॅक्स कमी करायला युनियन सोडायची काय गरज होती?

डब्लिनहून बेलफास्टला गाडीने निघालात की साधारण तासाभराने देश बदलतो आणि पत्ताही लागत नाही. गेट नाही, बॅरियर नाही, कुणी पासपोर्ट मागत नाही. बारीक लक्ष ठेवलं तर एवढंच दिसतं की रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि स्पीडचे बोर्ड किलोमीटरवरून मैलावर आले. अलीकडचं गाव डंडॉक, ते आयर्लंडमध्ये. पलीकडचं न्यूरी, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंगडम. मध्ये वीसेक किलोमीटर.

आता हाच रस्ता कंपनीच्या सीएच्या नजरेने बघा. डंडॉकमधल्या साध्या कंपनीला धंद्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स. न्यूरीमधल्या कंपनीचा नफा अडीच लाख पौंडांच्या वर गेला की 25 टक्के. बरोब्बर डबल. आणि गंमत अशी की साडेबारावाला देश युरोपियन युनियनमध्ये आहे, आणि 25 वाला तो, जो युनियनमधून बाहेर पडला आणि बाहेर पडताना म्हणत होता की आता आम्ही मोकळे, आता आमचे टॅक्स आम्ही ठरवणार.

हे उलटं कसं झालं? आजचा व्हिडिओ त्याच्यावरच आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण ब्रेक्झिटच्या सगळ्या भांडणात ती धुरळ्यात हरवली. कंपन्यांवर किती टक्के टॅक्स लावायचा हे ब्रुसेल्स, म्हणजे युनियनचं मुख्यालय, ठरवत नाही, आणि ब्रिटन युनियनमध्ये होतं तेव्हाही ठरवत नव्हतं. व्हॅटचे काही नियम असतात, किमान दर असतात, ते वेगळं. पण कॉर्पोरेशन टॅक्सच्या बाबतीत युनियनला सगळ्यांसाठी काही नवीन नियम करायचा असेल तर प्रत्येक देशाची सही लागते. एकाने मान हलवली नाही की विषय संपला. ब्रिटनकडे हा नकाराचा हक्क 47 वर्षं होता. थॅचरबाईंच्या काळात, 1984 च्या बजेटपासून, त्यांचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी हा टॅक्स 52 वरून 35 टक्क्यांवर आणला, तेव्हा ब्रिटन आतच होतं. 2010 ला 28 टक्के होता तो 2017 पर्यंत 19 वर आला, तेव्हाही आतच. तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तर 2020 पर्यंत 17 करू असं जाहीर करून टाकलेलं, आणि तो माणूस ब्रेक्झिटच्या विरोधात प्रचार करत होता!

म्हणजे जे स्वातंत्र्य मिळवायचं होतं ते खिशातच होतं.

मग 23 जून 2016. मतदान झालं, 51.9 विरुद्ध 48.1, ब्रिटन बाहेर. जानेवारी 2017 मध्ये नवे अर्थमंत्री फिलिप हॅमंड एका जर्मन पेपरला मुलाखत देतात आणि सूर असा की आम्हाला तुमच्या बाजारात नीट शिरू दिलं नाहीत तर आम्हालाही आमचं मॉडेल बदलावं लागेल, स्पर्धेत टिकायला जे करावं लागेल ते करू. दोनच दिवसांनी पंतप्रधान थेरेसा मे यांच्या भाषणातही तीच गर्भित धमकी. तिथून ते सुप्रसिद्ध थेम्सकाठचं सिंगापूर चर्चेत आलं, म्हणजे कमी टॅक्स, कमी नियम आणि युरोपच्या दारात बसून युरोपचाच धंदा ओढायचा. पॅरिस आणि बर्लिनमध्ये लोक खरंच धास्तावले होते. नंतरच्या ट्रेड डीलच्या बोलण्यांत 'लेव्हल प्लेइंग फील्ड', म्हणजे सगळ्यांना सारखे नियम, हा शब्द कानाला भोकं पडेपर्यंत ऐकू आला त्यामागे हीच भीती होती.

पण तोपर्यंत हा खेळ दुसराच एक जण साठ वर्षं खेळत होता, तेसुद्धा आत राहून.

1956 मध्ये आयर्लंड गरीब होता, तरुण पोरं बोट पकडून लिव्हरपूलला जायची. सरकारने ठरवलं की जो माल बाहेर विकेल त्याच्या नफ्यावर टॅक्स माफ. 1973 ला आयर्लंड आणि ब्रिटन एकाच दिवशी युरोपियन कम्युनिटीत, म्हणजे युनियनच्या आधीच्या रूपात, गेले, आणि युरोप म्हणाला, फक्त निर्यातदारांना सूट हे चालणार नाही. बरं, आयर्लंडने 1981 पासून सगळ्या कारखानदारीला 10 टक्के केला. युरोप पुन्हा म्हणाला, कारखान्यांना एक आणि बाकीच्यांना एक, हेही चालणार नाही. बरं बाबा, आयर्लंडने 2003 पासून सरसकट सगळ्यांना साडेबारा करून टाकला! म्हणजे युरोपने दर किती हे कधीच सांगितलं नाही, भेदभाव नको एवढंच सांगितलं, आणि आयर्लंडने प्रत्येक वेळी तो नियम पाळून स्वतःचंच घोडं पुढे दामटलं. मला विचाराल तर याला राजकारण म्हणतात.

हा साडेबारा नंतर तिकडे जवळजवळ अस्मितेचा विषय झाला. 2008 मध्ये आयरिश लोकांनी युनियनच्या कारभाराचे नियम बदलणारा लिस्बन करार नाकारला, त्याच्या कारणांत टॅक्स जाईल ही भीतीही होती, मग टॅक्सला हात लावणार नाही अशी लेखी हमी आली आणि 2009 ला दुसऱ्या मतदानात करार पास झाला. त्यानंतर बँका बुडाल्या, 2010 ला आयर्लंडला बेलआउट घ्यावा लागला. खिसा रिकामा, हात पसरलेला. मार्च 2011 मध्ये एंडा केनी पंतप्रधान होऊन दोनच दिवस झालेले, ब्रुसेल्सला गेले, कर्जाचं व्याज कमी करा म्हणाले. फ्रान्सचे सार्कोझी आणि जर्मनीच्या मर्केल म्हणाल्या, करू की, तुम्ही कंपन्यांचा टॅक्स वाढवा. केनी नाही म्हणाले. कर्जात बुडालेला माणूस सावकारासमोर नाही म्हणतोय, सार्कोझींशी चांगलीच खडाजंगी झाली, पण टॅक्स हलला नाही.

आता आपल्याकडचा माणूस म्हणेल, दोन शेजाऱ्यांचे दर वेगळे असणं यात नवीन काय? बांद्याची माणसं पेट्रोल भरायला पत्रादेवीला जातात, गोव्यात स्वस्त पडतं म्हणून. बरोबर आहे, आणि डंडॉक-न्यूरीतही अगदी हेच झालेलं. 2008 च्या शेवटी पौंड घसरला, ब्रिटनने व्हॅट 15 टक्के केला, आयर्लंडने त्याच वेळी वाढवून साडेएकवीस केला, आणि त्या ख्रिसमसला डब्लिनच्या गाड्यांच्या रांगा न्यूरीच्या सुपरमार्केटपर्यंत लागल्या, डिकीत दारूच्या बाटल्या. पण बाटली आणायला गाडी घेऊन जावं लागतं. नफ्याला गाडी लागत नाही, तो कागदावर जातो. पेटंट आयरिश कंपनीच्या नावावर केलं, जर्मनीतल्या विक्रीवर त्या पेटंटची रॉयल्टी डब्लिनला पाठवली, की जर्मनीत नफा राहिलाच नाही. फॅक्टरी एक इंचही हलली नाही. शेजारी देश चिडतात ते याच्यावर, नुसत्या दरावर नाही.

आणि म्हणूनच आयर्लंडला जे जमलं ते ब्रिटनला जमणं अवघड होतं. आयर्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, घरच्या कंपन्या मोजक्या, त्यामुळे दर कमी ठेवून घरचं नुकसान थोडं आणि बाहेरून येणारा नफा अफाट. ब्रिटन म्हणजे पावणेसात कोटींचा देश, टॅक्सचा मोठा भाग स्वतःच्याच कंपन्यांकडून येतो, दर कापला की आधी स्वतःच्याच तिजोरीला भोक. वर अमेरिकन कंपनी डब्लिनला फक्त साडेबारासाठी येत नाही, तिथून अख्खा युरोपचा बाजार खुला असतो म्हणून येते. ब्रिटनने नेमकं तेच दार स्वतःच्या हाताने लावलं. जानेवारी 2021, बाहेर पडल्यानंतरचा पहिलाच खरा महिना, आणि शेअर्सच्या रोजच्या उलाढालीत ॲमस्टरडॅमने लंडनला मागे टाकलं.

मग काय झालं बघा. नोव्हेंबर 2019, निवडणूक तोंडावर, ब्रेक्झिटचे सर्वात मोठे भालदार बोरिस जॉन्सन उद्योगपतींच्या परिषदेत उभे राहून सांगतात की तो 17 टक्क्यांचा बेत रद्द, ते पैसे दवाखान्यांना पाहिजेत. मार्च 2021, कोविडचा खर्च डोक्यावर, अर्थमंत्री ऋषी सुनक जाहीर करतात की 2023 पासून 25 टक्के. ब्रुसेल्समधून कुणी फोन केला नव्हता हो! सिंगापूरमध्ये 17 टक्के आहे, म्हणजे थेम्सकाठचं सिंगापूर खऱ्या सिंगापूरपेक्षा आठ टक्क्यांनी महाग.

एकदा मात्र प्रयत्न झाला, मनापासून झाला. 23 सप्टेंबर 2022, पंतप्रधान लिझ ट्रस, अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग, मिनी बजेट. 25 टक्के रद्द, 19 च राहणार, श्रीमंतांचा वरचा इन्कम टॅक्सही काढला, सगळं मिळून साधारण 45 अब्ज पौंडांची करकपात, आणि पैसे कुठून आणणार तर... त्यावर काही नाही. सोमवारी पौंड डॉलरसमोर इतिहासातल्या नीचांकावर, 1.03 च्या आसपास. सरकारी रोख्यांचे भाव एवढे पडले की पेन्शन फंड गटांगळ्या खायला लागले आणि बुधवारी बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावं लागलं. 14 ऑक्टोबरला क्वार्टेंग घरी, त्याच दिवशी 25 टक्के परत. 20 तारखेला ट्रस यांचा राजीनामा. एका टॅब्लॉइडने लेट्यूसचा गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला होता, आधी कोण कोमेजतंय बघायला, आणि भाजी जिंकली. युनियनमध्ये असताना ज्या देशाने 52 चे 35 केले आणि 28 चे 19 केले, त्याला बाहेर पडल्यावर 25 चे 19 करता आले नाहीत, आणि अडवलं कुणी तर लंडनच्या स्वतःच्याच बाजाराने.

मध्ये जो नॉर्दर्न आयर्लंड आहे त्याची तर वेगळीच कथा. 2015 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की बेलफास्टच्या विधानसभेला स्वतःचा दर ठरवता येईल, आणि बेलफास्टने ठरवलं, शेजारच्यासारखा साडेबारा, एप्रिल 2018 पासून. अट एक, जो महसूल बुडेल तो बेलफास्टने सोसायचा. जानेवारी 2017 मध्ये तिथलं सरकारच कोसळलं, ते तीन वर्षं बसलंच नाही, आणि तो दर कधीच लागू झाला नाही.

तिकडे साडेबाराला खरा धक्का बसला 2021 मध्ये, आणि तो ब्रुसेल्सहून आला नाही, वॉशिंग्टनहून आला. बायडन सरकारने ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या वाटाघाटींना जोर लावला, जगभर मोठ्या कंपन्यांना किमान 15 टक्के. आयर्लंड शेवटपर्यंत अडून बसला. तेव्हा तिथले उपपंतप्रधान आणि उद्योगमंत्री होते लिओ वराडकर, होय, आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे, वडील डॉक्टर, मुंबईहून गेलेले. डिसेंबर 2019 मध्ये पंतप्रधान असताना ते वराडला येऊन गेले तेव्हा सगळ्या मराठी चॅनलवर तेच होतं. तर डब्लिनचा हट्ट असा की मसुद्यातले 'ॲट लीस्ट 15', म्हणजे 'निदान 15', यातले 'ॲट लीस्ट' हे शब्द काढा, नाहीतर आज 15, उद्या 18, परवा 21. ते शब्द निघाले आणि 7 ऑक्टोबर 2021 ला आयर्लंडने होकार दिला. 75 कोटी युरोंच्या वर उलाढाल असेल तर 15, खालच्यांना साडेबाराच. हाच नियम युनियनच्या कायद्यात आणताना नऊ टक्केवाल्या हंगेरीने महिनोन्महिने सगळ्यांना ताटकळत ठेवलं, 2022 च्या डिसेंबरपर्यंत. छोट्या देशाच्या नकाराला युनियनच्या आत किंमत असते ती अशी.

आणि मग ॲपल. 2016 मध्ये युरोपियन कमिशनच्या मार्गरेट वेस्टेअर यांनी सांगितलं की आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातून कारभार करणाऱ्या ॲपलच्या एका कंपनीने 2014 मध्ये 0.005 टक्के टॅक्स भरला. दहा लाख युरो नफ्यावर 50 युरो. दर साडेबारा, आणि भरले किती बघा. ही एकाच कंपनीला दिलेली खास सवलत, तेव्हा 13 अब्ज युरो वसूल करा असा आयर्लंडला आदेश, आणि आयर्लंड कोर्टात गेलं, का, तर आम्हाला हे पैसे नकोत म्हणून! आठ वर्षं केस चालली, 2020 ला आयर्लंड आणि ॲपल जिंकले, सप्टेंबर 2024 मध्ये वरच्या कोर्टात हरले, आणि आयरिश सरकारला व्याजासकट साधारण 14 अब्ज युरो घ्यावेच लागले. त्यावेळी डब्लिनमध्ये घरभाडी लोकांच्या आवाक्याबाहेर गेलेली होती, त्यामुळे नको असलेले हे पैसे कशावर खर्च करायचे यावर निवडणुकीत सगळे पक्ष भांडत होते.

आज आयर्लंडच्या कॉर्पोरेशन टॅक्सचा अर्ध्याहून जास्त भाग जेमतेम दहा कंपन्या भरतात, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकन. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी परत आल्याच्या पहिल्याच दिवशी सांगितलं की तो 15 टक्क्यांचा करार अमेरिकेला लागू नाही, जूनमध्ये जी-7 ने अमेरिकन कंपन्यांना त्यातून बाजूला काढायला होकारही देऊन टाकला. लंडनमध्ये लेबर सरकारने आधीच लिहून दिलंय की या टर्ममध्ये 25 च्या वर जाणार नाही, कमी करण्याचं मात्र आता कुणी नाव काढत नाही. आणि डब्लिनचं अर्थखातं आलेल्या पैशातला काही भाग वेगळ्या फंडात टाकत बसलंय, कारण त्या दहांपैकी एखाद्या कंपनीने उद्या कॅलिफोर्नियात बसून पेटंटं दुसरीकडे हलवली तर त्यांच्या बजेटला केवढं भगदाड पडेल हे त्यांना पक्कं माहितीये.