डोक्याचा फोटो: कधी, कशासाठी

श्रोतेहो, नमस्कार.

गडचिरोलीचं नाव काढलं की आपल्याला जंगल आठवतं, हिवताप आठवतो. आरोग्यावर काम करणाऱ्या 'सर्च' या संस्थेनं तिथल्या 86 गावांत कोण कशानं दगावलं याची चौकशी केली. 2015 साली ते छापून आलं, त्यात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. सात मृत्यूंमागं साधारण एक. बसून खाणाऱ्या शहरी माणसाचा म्हणून जो आजार आपण समजत होतो, तो धानाच्या बांधीपर्यंत पोहोचला आहे. म्हणून मेंदूच्या तपासण्यांबद्दल बोलायचं तर मी सुरुवात लकव्यापासूनच करतो.

लकवा दोन तऱ्हांनी होतो. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद होते, नाहीतर फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली. नुसतं पाहून कुठलाही डॉक्टर खात्रीनं सांगू शकत नाही की यातलं काय झालंय. आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या माणसाला दिलं तर जिवावर बेतेल. हा निवाडा सीटी स्कॅन करतो, आणि टेबलावर झोपवल्यावर काही मिनिटांत करतो.

साध्या एक्स-रेला हे जमत नाही, कारण त्यात सगळ्या सावल्या एकावर एक पडतात आणि कवटीपुढं मेंदू दिसतच नाही. सीटीमध्ये एक्स-रेची नळी डोक्याभोवती फिरते, शेकडो कोनांतून मोजमाप घेते आणि संगणक त्या आकड्यांवरून मेंदूचे आडवे काप दाखवतो. आरामशीनवर सागाचा ओंडका आडवा कापला की आतली पोकळी, गाठ, कीड उघडी पडते, तसं. हे यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीत ते इंजिनिअर होते. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या एका रुग्णालयात त्यांच्या यंत्रानं एका बाईच्या मेंदूतली गाठ दाखवली, आणि 1979 साली वैद्यकाचं नोबेल, या यंत्रामागचं गणित मांडणारे ॲलन कॉर्मॅक आणि ते, अशा दोघांना मिळून गेलं.

सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं. गुठळीचा लकवा मात्र पहिल्या काही तासांत बरेचदा दिसतच नाही. मग नातेवाईक गोंधळतात: "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग माय बोलत काहून नाही जी?" अशा वेळी नॉर्मल म्हणजे आजार नाही असं नव्हे. रक्तस्राव नाही, इंजेक्शनचा विचार करता येईल, एवढाच त्याचा अर्थ, आणि ती चांगली बातमी असते.

पण ती वेळेत कळली तर. गुठळीनं रक्त अडलं की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात असा हिशोब मांडला गेला आहे. इकडे आपण कबुतराचं रक्त चोळतो, तेल लावतो, दोरा बांधतो, आणि "सकाळच्या एसटीनं जाऊ" म्हणतो. राग येतो मला याचा, पण पूर्ण दोष घरच्यांना देता येत नाही. सीटीची सोय दूर, रात्री गाडी मिळत नाही, आणि वाटेतल्या दवाखान्यात सलाईन लावून दोन दिवस ठेवून घेणारेही आहेत. म्हणून 108 ला फोन करताना तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, असं स्पष्ट सांगा आणि सीटी असेल तिथंच न्यायला सांगा. आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. झोपेतून उठताना लकवा दिसला तर वेळ आदल्या रात्री झोपण्यापासून धरतात.

आता एक वेगळा प्रकार. म्हातारा माणूस बैलबंडीवरून किंवा न्हाणीत पडतो, डोक्याला थोडं लागतं, कोणी मनावर घेत नाही. तीन-चार आठवड्यांनी तो गुंगू लागतो, धोतरात लघवी होते, नातवाचं नाव विसरतो. घरचे म्हणतात, "बुढ्याचं डोकं फिरलं जी, वय झालं." सीटी काढलं तर कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये साचलेलं जुनं रक्त दिसतं. कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढलं की कित्येक म्हातारे पुन्हा चावडीवर जाऊन बसतात. स्मृती अचानक किंवा काही आठवड्यांत गेली तर तिला वयाच्या खात्यात टाकू नका.

फिट येणाऱ्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. आपल्याकडे समज आहे की पत्ताकोबीतला किडा डोक्यात चढतो. कोबीवरची हिरवी अळी बिचारी निर्दोष आहे. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्लेल्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात, भाजीवर येतात, आणि ती पोटात गेली की त्यांतले जंत रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचून गाठ करतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माळकऱ्यालाही हे होतं. सीटीत ही गाठ बारीक कड्यासारखी दिसते. पूर्वी आपल्या देशात अशी एकुलती गाठ दिसली की क्षयाची समजून महिनोन्‌महिने औषधं द्यायचे. 1980च्या दशकाच्या शेवटी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक जंताच्या निघाल्या. म्हणजे फोटो बरोबर होता, वाचणं चुकत होतं.

मेंदू पाहायची दुसरी तपासणी म्हणजे एमआरआय. त्यात एक्स-रे नसतो. तिथं चुंबक असतं, दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारे संकेत पकडून चित्र तयार होतं. गुठळीचा लकवा यात लवकर दिसतो, लहान गाठीही स्पष्ट होतात. वीस मिनिटं ते पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं, धडधड आवाज येतो, घाबरू नका. जोडवी, मंगळसूत्र, कंबरेचा करगोटा, दंडावरचा ताईत सगळं काढावं लागतं. जोडवी काढायला बायका का-कू करतात, हे मी जाणतो, पण तिथं सूट नाही. आणि पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यातलं काही असेल तर आत जायच्या आधीच सांगा.

सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार, असलेल्या मुलांच्या आईबापांनी पुढचं नीट ऐकावं. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे, पण यात लहान मुलालाही लकवा होऊ शकतो, हे कमी जणांना ठाऊक असतं. कानशिलावर सोनोग्राफीचं छोटं यंत्र टेकवून मेंदूच्या रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, किरण नाहीत. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिल्या लकव्याचा धोका सुमारे 90 टक्क्यांनी कमी होतो, हे अमेरिकेतल्या 1998च्या अभ्यासानं दाखवलं. ही तपासणी दोन ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी असते. सगळीकडे होत नाही. सिकलसेलच्या ओपीडीत 'डोक्याचं डॉपलर' असं विचारा.

साधी डोकेदुखी आहे आणि तपासणीत काही निघालं नाही, तर "डोक्शाचा फोटो काढून द्याच" असा हट्ट धरू नका. उदासी, भास, संशय यांचं निदान कुठलाही स्कॅन करत नाही. ते बोलूनच करावं लागतं. देवर्षीकडे जाण्यापेक्षा एमआरआय बरा असं म्हणणारे हजारो रुपये घालवून बसतात आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं राहूनच जातं.

शेवटी फिल्मबद्दल. ती गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेनं खराब होते. पाकिटात सपाट ठेवा, सीडी मिळत असेल तर मागून घ्या, आणि पुढच्या वेळी नागपूर असो की सेवाग्राम, जुनी फिल्म सोबत न्या. गाठ वाढली की आटली, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच आम्हाला सांगता येतं.

नमस्कार.