कुजवलेलं मत

(दृश्य: दादर, हिंदू कॉलनी. सकाळची वेळ. राजगृहाची खिडक्यांची रांग, खाली शाळेत निघालेली पोरं.)

हे घर ज्यांनी पुस्तकांसाठी बांधलं, ते जानेवारी 1952 मध्ये निवडणूक हरले.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक होती. जी घटना लिहिण्यात त्यांची रात्र-रात्र गेली, त्याच घटनेखाली झालेली. उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना 1,38,137 मतं पडली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1,23,576. फरक 14,561 चा.

आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. दर सहा डिसेंबरला मोबाइलवर फिरते, कोणी हरवलं यावर भांडण होतं, आणि पुढच्या वर्षापर्यंत शांतता. आम्हाला मात्र त्या निकालातला दुसरा एक आकडा सोडवेना.

74,333.

(दृश्य: लोखंडी मतपेट्यांची जुनी छायाचित्रं.)

तेव्हा शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने कागद आत टाकायचा. उत्तर मुंबईतून खासदार जायचे दोन, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. म्हणून प्रत्येकाच्या हाती कागदही दोन. दोन्ही एकाच पेटीत टाकले, तर एकच धरला जायचा. दुसरा बाद.

याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: मत कुजवणं.

बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची समाजवाद्यांशी युती होती. एक कागद फेडरेशनच्या हत्ती या चिन्हाला, एक समाजवादी अशोक मेहतांना, असा हिशोब. पण रिंगणात कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगेही होते. त्यांच्या बाजूने दुसरं मत कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि मेहता दोघेही निवडणूक आयोगाकडे गेले. 74,333 मतं मोजणीतच आली नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पराभवाच्या फरकाच्या पाचपट. याचिका टिकली नाही.

सगळा दोष डांग्यांच्या माथी मारणं सोपं आहे. पण समाजवाद्यांची सगळी मतं तरी हत्तीकडे कुठे आली? मेहता हरले खरे, तरी त्यांना आंबेडकरांपेक्षा जास्त मतं होती. जागा राखीव असली तरी तिथे मत सगळ्याच जातींनी द्यायचं, आणि निकाल बहुसंख्यांच्या हातात. 1932 च्या पुणे करारापासून बाबासाहेबांचा जीव ज्या मुद्द्यावर अडकला होता, तोच हा मुद्दा. आता तो त्यांच्या स्वतःच्या नावापुढे आकडा होऊन उभा राहिला.

लोकसभेत फेडरेशनचे देशभरातून दोनच जण पोचले. बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेत गेले.

(दृश्य: भंडाऱ्याचा रस्ता. धानाची शेतं, दूरवर एक तलाव.)

मे 1954. भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक. पुन्हा दोन जागा, पुन्हा दोन कागद, पुन्हा सोबतीला अशोक मेहता.

यावेळी कार्यकर्ते शहाणे झाले होते. मुंबईत आपल्याला ज्याने मारलं, तेच हत्यार आता आपण उचलू, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या माणसांनी एक मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कुजवावं. मतांचं गणित बघता सल्ला काही वेडगळ नव्हता.

बाबासाहेबांनी नकार दिला. दुसरं मत मेहतांनाच द्यायचं, कुजवायचं नाही.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब हरले, आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी.

त्या रात्री भंडाऱ्याच्या वस्त्यांत काय झालं असेल? ज्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कागद दोन पेट्यांत टाकले, त्यांच्या मनात काय आलं असेल? आपण दिलं, आपल्याला मिळालं नाही. आम्हाला वाटतं, या सगळ्या गोष्टीत सर्वांत अवघड काम त्या मतदारांनी केलं. नेत्याचा नकार इतिहासात जातो. त्यांचा दुसरा कागद मोजणीत जातो आणि तिथेच विरघळतो.

(दृश्य: नागपूर, दीक्षाभूमी.)

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. 14 ऑक्टोबर 1956. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. लाखो माणसं रेल्वेने, बैलगाडीने, पायी आली. गाडीभाड्यासाठी घरातलं किडूकमिडूक मोडलं, असं आजही घराघरांत सांगतात. दोन वर्षांपूर्वी भंडाऱ्यात मतपेटीपुढे उभी राहिलेली कितीतरी माणसं या गर्दीतही असणार. इथे कुणाच्या दुसऱ्या मतावर काही अवलंबून नव्हतं.

सात आठवड्यांनी, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

(दृश्य: परळ. बंद गिरणीचं धुराडं, मागे काचेचा टॉवर.)

आता पुन्हा मुंबई. 1957 ची निवडणूक. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि फेडरेशन एकाच मांडवाखाली आले. पाच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध तक्रारी करणारे पक्ष. त्यांच्यात प्रेम उतू जात होतं असं समजू नका. कुरबुरी पुढेही चालूच राहिल्या. पण मुंबईसह महाराष्ट्र हवा होता, आणि तो एकट्याने कुणालाच मिळणार नव्हता.

फेडरेशनचे सहा खासदार निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे.

आणि मध्य मुंबईतून? तिथेही जागा दोन होत्या. सर्वसाधारण जागेवर डांगे. राखीव जागेवर फेडरेशनचे जी. के. माने.

दोघेही आले. गिरणीची पाळी सुटल्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांच्या हाती याही वेळी दोन कागद होते. एक त्यांनी डांग्यांच्या पेटीत टाकला, आणि एक मान्यांच्या.