पोटमाळ्यावर बोललेला नवस

नमस्कार श्रोतेहो.

माझी भाची अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन शहरात नोकरी करते. राहायला मात्र शेजारच्या बीव्हरक्रीकमध्ये. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका संध्याकाळी पगाराची स्लिप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "मामा, हे बघ. डेटनने अडीच टक्के कापले." मी म्हटलं, "मग तुझ्या नगरसेवकाला गाठ की." ती हसली. म्हणाली, "मला तिथे नगरसेवकच नाही."

खरं होतं. डेटनच्या हद्दीत जो कमावतो, तो डेटनला उत्पन्नावर कर देतो, मग तो झोपायला कुठल्याही गावी जावो. मत मात्र हद्दीत राहणाऱ्याचं. त्यातून भाची अजून नागरिक झालेली नाही, म्हणजे बीव्हरक्रीकमध्येही तिला मत नाही. डेटनजवळच्या यलो स्प्रिंग्ज या छोट्या गावाने २०१९ मध्ये ठरवलं होतं की गावापुरतं परदेशी रहिवाशांनाही मत द्यावं. राज्याने ते होऊ दिलं नाही, आणि २०२२ मध्ये ओहायोच्या मतदारांनी आपल्या राज्याच्या घटनेतच ती वाट बंद करून टाकली.

पण गंमत पुढेच आहे. डेटनमध्ये जन्मलेल्या, डेटनमध्येच राहणाऱ्या माणसालाही त्याच्या वॉर्डाचा नगरसेवक नसतो. वॉर्डच नाहीत! २०२० च्या जनगणनेत १,३७,६४४ लोकवस्तीचं हे शहर, म्हणजे धड लहान नाही, धड मोठं नाही. त्याचा कारभार पाच जणांकडे. एक महापौर आणि चार कमिशनर. पुन्हा सांगतो, कारण ऐकताना निसटतं: महापौर धरून पाच. पाचही जण साऱ्या शहराने निवडलेले, चार वर्षांसाठी. महापौराचं मत पाचांतलं एक, नकाराधिकार नाही. आणि हे पाच जण शहर चालवत नाहीत. ते एक मॅनेजर नेमतात. शहर चालवतो तो मॅनेजर. पोलीस, अग्निशमन, पाणी, कचरा, रस्त्यातले खड्डे, सगळं त्याच्या हाताखाली. त्याला कोणी मत देत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या महापालिका आयुक्तासारखंच झालं. नाही. आपला आयुक्त राज्य सरकार पाठवतं आणि राज्य सरकारच हलवतं. डेटनचा मॅनेजर हे पाच जण ठेवतात आणि मनातून उतरला तर हेच पाच जण घरी पाठवतात. हा फरक लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आता अशी रीत या शहराने का घेतली, ती गोष्ट. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी आज इथे बसलोय.

साल १९१३. डेटन म्हणजे तेव्हा यंत्रांचं गाव. विमानवाले राइट बंधू इथले. दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र, ते खटकन उघडणारं कॅश रजिस्टर, त्याचा जगातला सर्वांत मोठा कारखाना इथला. मालकाचं नाव जॉन पॅटरसन. माणूस हुशार, तऱ्हेवाईक आणि धंद्यात निर्दय. इतका निर्दय, की प्रतिस्पर्ध्यांना चिरडण्याचा कट केल्याबद्दल त्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि एक वर्षाचा तुरुंगवास सुनावला. त्याच्याबरोबर दोषी ठरलेल्यांत टॉमस वॉटसन नावाचा एक विक्री अधिकारी होता. हाच पुढे संगणकवाल्या आयबीएम कंपनीचा वॉटसन. शिक्षेवर अपील झालं होतं, पॅटरसन बाहेर होता.

मार्च उजाडला. २३ मार्चला ईस्टर, आणि पाऊस लागला तो थांबेना. ग्रेट मायामी नदी शहराच्या मधून जाते, तिला आणखी नद्या येऊन मिळतात, आणि शहर वसलेलं ऐन खोलगटात. मंगळवारी, २५ तारखेला, पहाटेच पॅटरसन नदीचे बांध बघून आला. कारखाना टेकाडावर होता, त्याला धोका नव्हता. त्याने सकाळी सातच्याही आधी आपले अधिकारी गोळा केले आणि सांगितलं, आजपासून आपण गल्ले बनवत नाही. आजपासून आपण मदत समिती. सुतारांनी होड्या बांधा, खानावळीने पाव भाजा.

बांध अजून फुटलेला नव्हता, श्रोतेहो! महापालिका झोपेतून उठायची होती. तो फुटला आठच्या सुमाराला.

बाजारपेठेत काही ठिकाणी वीस फूट पाणी चढलं. लोक तळमजल्यावरून वर, वरून पोटमाळ्यावर, तिथून कौलं फोडून छपरावर. कोणी टेलिफोनच्या तारांवरून हातापायांनी सरकत सुटले. गॅसच्या नळ्या फुटल्या आणि भर पाण्यात आगी लागल्या. खाली पूर, वर आग, मध्ये माणूस. पुण्याच्या जुन्या मंडळींना पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१ आठवला असेल, त्यांना मी काय सांगणार. पॅटरसनच्या कारखान्यातून एकामागून एक सपाट बुडाच्या होड्या बाहेर पडत राहिल्या, सुमारे तीनशे. माणसं वाचवून कारखान्यात आणायची, जेवू घालायचं, झोपवायचं. खोऱ्यात तरी साडेतीनशेहून अधिक जीव गेले. राइट बंधूंच्या घरात पाणी शिरलं, त्यात पहिल्या उड्डाणाच्या फोटोची काचेची निगेटिव्ह भिजली. त्या प्रसिद्ध फोटोचा एक कोपरा खराब दिसतो ना, तो या पुराचा.

देशभर पॅटरसनचा जयजयकार झाला. राष्ट्राध्यक्ष विल्सनना अर्ज गेले, या माणसाला माफ करा. पॅटरसन म्हणाला, मला माफी नको, न्याय हवा. १९१५ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. आता तो खरोखर निर्दोष होता का? मला शंका आहे. होड्या बांधल्या म्हणून प्रतिस्पर्ध्यांचं मोडलेलं कंबरडं सरळ होत नाही. पण पहाटे उठून नदी बघून येणारा एकच माणूस शहरात असावा, आणि तो नगरपालिकेत नसावा, हे लोकांच्या डोक्यातून जाईना.

मे महिन्यात पुन्हा पूर येऊ नये म्हणून वर्गणी काढली. घोषणा काय होती माहीत आहे? 'पोटमाळ्यावर दिलेली वचनं आठवा.' आपल्या भाषेत, देवा, यातून वाचव म्हणून बोललेला नवस आता फेडा! वीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. त्यातून पुढे नदीच्या खोऱ्यात पाच धरणं झाली, १९२२ मध्ये पुरी. एरवी कोरडीच, पूर आला की तेवढ्यापुरतं पाणी अडवणारी. आपल्याकडे धरण म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याच्या वाटपाचा. इथे वाटायला पाणीच नाही, त्यामुळे भांडणही नाही. असो, विषय भरकटला.

नवसाचा दुसरा भाग कारभाराचा. पॅटरसन १८९६ पासूनच सांगत होता, शहर पक्षाच्या दलालांनी नाही, कारखान्यासारखं जाणत्या माणसाने चालवावं. तेव्हा लोकांनी माना डोलावल्या आणि घरी गेले. पुराने ते ऐकायला लावलं. ऑगस्ट १९१३ मध्ये मतदारांनी नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची नियमावली, मंजूर केली, १ जानेवारी १९१४ पासून ती लागू झाली. लहानसहान गावांनी हा प्रयोग आधी केला होता. मोठ्या शहरांत डेटन पहिलं. मॅनेजर म्हणून आधी थेट पनामा कालवा बांधणाऱ्या गोथल्सना विचारलं! ते काही आले नाहीत. मग सिनसिनाटीचे शहर अभियंता हेन्री वेट आले.

या सुधारणेला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर मी पॅटरसनचा जाहिरातदार ठरेन. वॉर्ड गेले, त्याबरोबर गरीब वस्तीचा आपला माणूसही गेला. सोशलिस्ट आधी वॉर्डांतून निवडून येत. साऱ्या शहराच्या मतदानात त्यांना हजारो मतं पडूनही हाती काही लागलं नाही. आणि पहिला कृष्णवर्णीय कमिशनर यायला १९६१ उजाडलं. कारखान्यासारखं शहर चालवायचं म्हटलं की कामगाराला संचालक मंडळात खुर्ची कुठली?

आता निवडणूक, थोडक्यात, कारण काचेपलीकडून मला घड्याळ दाखवताहेत. उमेदवाराने मतदारांच्या पाचशे सह्या आणायच्या. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. पक्ष पाठिंबा जाहीर करतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, ते वेगळं. उमेदवार जास्त झाले तर मे महिन्यात चाळणी. महापौरपदाला वरचे दोन उरतात, नोव्हेंबरात त्यांच्यात सामना. २०१३ मध्ये खुद्द विद्यमान महापौरच मेच्या चाळणीत तिसरे आले आणि नोव्हेंबर बघायला मिळाला नाही. वर्षं विषम, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या गदारोळात गावाचा खड्डा हरवू नये. प्रचार म्हणजे अंगणात रोवलेल्या गुडघाभर उंचीच्या पाट्या. वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली सिग्नल शोधणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा बघाव्यात अशा.

मतमोजणी शहर करत नाही. ते काम माँटगोमेरी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, निवडणूक मंडळाचं. त्यात चार सदस्य, दोन या पक्षाचे, दोन त्या पक्षाचे, एकमेकांवर डोळा ठेवून. शाळांचं मंडळ वेगळं निवडायचं, सात जणांचं. आणि काउंटीला शवचिकित्सा करणारा डॉक्टरसुद्धा मतदानाने निवडतात! मृत्यूचं कारण सांगायला बहुमत कशाला लागतं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

करही लोकांना विचारूनच वाढतो. भाचीच्या स्लिपवरचे अडीच टक्के आधी सव्वादोन होते. २०१६ च्या नोव्हेंबरात डेटनच्या मतदारांनी पाव टक्का वाढवून घेतला, त्यातला काही पैसा चार वर्षांच्या मुलांच्या बालवाडीला. भाचीला हे सांगितलं. तिने स्लिप घडी करून ठेवली आणि म्हणाली, "बालवाडीला ना? मग असू दे. पण मामा, विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

नमस्कार.